डीसीएस अपाचे : एल-७० वर नोकरी केलेल्या तोफचीचा अभिप्राय

मी आर्मी एअर डिफेन्समधून हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बहुतेक वर्षं एल-७० तोफेवर गेली. जमिनीवर तोफ लावायची आणि आकाशात उडणाऱ्या वस्तूवर गोळा घालायचा, हे काम. गेल्याच्या आधीच्या दिवाळीला थोरला पुण्याहून आला, साताऱ्याच्या घरी मोठा कंप्युटर मांडला आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही हेलिकॉप्टरच्या तोफेवर बसा, मी उडवतो." मी त्याला एकच विचारलं. समोरचं हेलिकॉप्टर उडतंय आणि आपलंही उडतंय, तर नेम धरायचा कशाच्या आधारावर? त्याला सांगता येईना. तेव्हापासून दीड वर्ष मी त्या एका प्रश्नामागे आहे, आणि हा अभिप्रायही मुख्यतः त्याबद्दलच आहे. क्षेपणास्त्रं, रॉकेटं, रात्रीचं उड्डाण यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आधी वस्तू काय ते सांगतो. डीसीएस वर्ल्ड हा ईगल डायनॅमिक्स कंपनीचा सिम्युलेटर, म्हणजे कंप्युटरवर खऱ्यासारखं विमान-हेलिकॉप्टर उडवायचा खेळ. मूळ प्रोग्रॅम फुकट उतरवून घेता येतो, त्यासोबत काळ्या समुद्राकाठचा कॉकेशसचा नकाशा आणि दोन विमानं मिळतात. अपाचे, म्हणजे एएच-६४डी हे अमेरिकन लढाऊ हेलिकॉप्टर, वेगळं विकत घ्यावं लागतं. ते मार्च २०२२ मध्ये आलं. किंमत ८० डॉलरच्या घरात. मधूनमधून सवलत लागते, तोवर थांबलात तर बरं. साधा लॅपटॉप याला पुरत नाही, चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि भरपूर रॅम लागते. हा खर्च खेळाच्या किमतीपेक्षा मोठा आहे हे घरात आधीच सांगून ठेवा.

अपाचेत दोघं बसतात. पुढे तोफची, मागे आणि थोडा उंचावर पायलट. इंटरनेटवरून दोन माणसं एकाच हेलिकॉप्टरमध्ये बसू शकतात. थोरला हडपसरला त्याच्या खोलीत पायलट असतो, मी इथे तोफेवर. तो नसेल तेव्हा जॉर्ज नावाचा कंप्युटरचा पायलट हेलिकॉप्टर सांभाळतो, त्याला दिशा, उंची, वेग सांगता येतो.

तोफ आहे एम२३०, ३० मिलिमीटरची, नाकाखाली टांगलेली. मिनिटाला सव्वासहाशेच्या आसपास गोळे, म्हणजे सेकंदाला दहा. पोटात १,२०० गोळे मावतात, पण आत जादा इंधनाची टाकी बसवली तर ३०० च उरतात. थोरल्याला लांब उडायची हौस, तो टाकी लावायचा. ३०० गोळे म्हणजे अर्ध्या मिनिटाचा फायर. आता टाकी लावायची नाही असं ठरलंय.

पहिल्या दिवशी आम्ही नकाशातल्या कोबुलेती गावाच्या किनाऱ्याबाहेर समुद्रावर एक एमआय-८, म्हणजे रशियन हेलिकॉप्टर, सरळ रेषेत उडत ठेवलं. ३०० मीटर उंची, सेकंदाला ६० मीटर वेग. समुद्र मी मुद्दाम निवडला. ओडिशातल्या गोपाळपूरला आमचं फायरिंग बंगालच्या उपसागरावरच चालायचं. विमानामागे लांब दोरीला बांधलेली कापडी स्लीव्ह, नाहीतर 'लक्ष्य' नावाचं बिनपायलटचं विमान, आणि खाली पाणी. तिथे आमचे उस्ताद एकच वाक्य दिवसभर ओरडायचे, "टार्गेट पे नहीं, टार्गेट के आगे!" ते वाक्य डोक्यात ठेवून मी तोफ हेल्मेटला जोडली. अपाचेत पायलट आणि तोफची दोघांच्याही उजव्या डोळ्यासमोर एक छोटी काच असते आणि डोकं वळेल तशी तोफ वळते. जिकडे बघाल तिकडे नळी. माझ्या डोक्याला लावलेल्या सेन्सरनं इथेही तसंच होतं. मी एमआय-८ च्या थोडं पुढे बघितलं आणि ट्रिगर दाबला. १५० गोळे गेले, एकही लागला नाही. थोरला म्हणाला, "पुढून गेले वाटतं." मला वाटलं मागून गेले. खरं काय ते दोघांनाही कळलं नाही.

त्या रात्री वही काढून बसलो.

गोळा नळीतून सेकंदाला ८०५ मीटर वेगानं निघतो. हवा त्याला अडवते, म्हणून १,००० मीटर जायला दोन सेकंद धरायचे. दोन सेकंदांत एमआय-८ १२० मीटर पुढे सरकतं. त्याचं धड १८ मीटरच्या आसपास. म्हणजे सहा-सात हेलिकॉप्टरं एकापुढे एक उभी करा आणि त्यांच्याही पुढे रिकाम्या आकाशात नेम धरा. शिवाय तेवढ्या वेळात गोळा जवळपास २० मीटर खाली येतो. आता यात अंतराची चूक घाला. खरं अंतर ८०० मीटर आहे आणि तुम्ही १,००० धरलं, तर उड्डाणाचा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास चुकतो. ६० च्या वेगाला अर्धा सेकंद म्हणजे ३० मीटर. हेलिकॉप्टरच्या लांबीपेक्षा जास्त. हात कितीही स्थिर असू द्या, गोळे पुढूनच जाणार. मानेचं गणित त्याहून वाईट. मान एक अंश इकडेतिकडे झाली की १,००० मीटरवर साडेसतरा मीटरचा फरक पडतो.

एल-७० वर हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, पण अंतर काढायचं ओझं आमच्यावर नव्हतं. ते फ्लायकॅचर रडार काढायचं, किती पुढे मारायचं ते यंत्र ठरवायचं, आणि आमची डिटॅचमेंट, म्हणजे तोफेवरची माणसं, चार-चार गोळ्यांच्या क्लिपा भरत राहायची. अंतर हे नेमाचं अर्धं अंग आहे, हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते निवृत्तीनंतर, या खेळातल्या एका बटनापाशी.

अपाचेच्या तोफेला अंतर द्यायच्या बऱ्याच पद्धती आहेत. एक म्हणजे कीबोर्डवर आकडा टाकणं. दुसरी, आकड्याऐवजी 'ए' टाकला की कंप्युटर आपली उंची आणि खाली बघण्याचा कोन घेऊन अंतर स्वतः काढतो. जमिनीवरच्या गाडीला ही युक्ती झकास चालते. पण तिच्यामागे एक गृहीत आहे, की तुम्ही बघताय ती वस्तू जमिनीवर आहे. आकाशातल्या हेलिकॉप्टरकडे बघितलंत तर हे गृहीत कोसळतं. नजर त्याच्या खालून पुढे जाऊन लांबच्या समुद्राला भिडते, आणि कंप्युटर ते अंतर तोफेला देतो. नजर क्षितिजाच्या वर गेली तर भिडायलाही काही उरत नाही. पहिल्या दिवशीचे माझे १५० गोळे असेच गेले होते. 'ए' लावलेला होता, थोरल्याच्या सवयीनं.

तिसरी पद्धत लेझर. इथून पुढे मजा आहे.

तोफचीसमोर एक पडदा आणि त्याला दोन्ही बाजूंना मुठी. नाकावर बसवलेली साइट, टॅड्स म्हणतात तिला, तिचं चित्र या पडद्यावर येतं. साधं किंवा उष्णतेचं. उष्णतेच्या चित्रात एमआय-८ फार सुंदर दिसतं. रोटरखाली इंजिनांची पांढरी गाठ, तिच्यामागे विरत जाणारी झळ, आणि शेपटी जवळजवळ काळी. उजव्या मुठीवर अंगठ्याखाली एक घुंडी असते, तिनं पडद्यावरची नेमाची फुली हलवायची. त्याच मुठीवर लेझरचा ट्रिगर, दोन टप्प्यांचा. पहिल्या टप्प्याला एक चमक जाते आणि त्या क्षणाचं अंतर मिळतं. दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून धरला की लेझर सतत चालू राहतो. काही सेकंद असं धरलं आणि फुली टार्गेटवर गुळगुळीत फिरत राहिली, की कंप्युटरला कळतं टार्गेट कुठल्या बाजूला किती वेगानं चाललंय, आणि तो तोफेला आपणहून पुढे वळवतो. मग तुम्ही फुली थेट टार्गेटवरच ठेवायची. उस्तादांचं वाक्य यंत्र पाळतं.

पण एक अट आहे. कंप्युटर टार्गेटचा वेग ओळखतो तो तुमच्या हातावरून. तुमचा अंगठा थरथरला, फुली मागे पडली आणि तुम्ही झटक्यानं पुढे ओढलीत, तर त्याला वाटतं टार्गेटनंच उडी मारली. त्या उडीच्या हिशेबानं तोफ भलतीकडे वळते. म्हणून फायर करायच्या आधीचे तीन-चार सेकंद फुली किंचित चुकलेली चालेल, पण तिचा वेग मोडता कामा नये. शेपटीवर असेल तर शेपटीवरच राहू द्या. यासाठी एलएमसी नावाचं बटन आहे, ते दाबलं की साइट घुंडीनं दिलेला वेग धरून ठेवते, आपण फक्त बारीक दुरुस्ती करायची. हे बटन दाबायला मी तीन महिने विसरत होतो. आता ट्रिगरच्या आधी अंगठा आपोआप तिकडे जातो.

लेझरचा आणखी एक धोका. मागे मोकळं आकाश असेल आणि फुली टार्गेटवरून निसटली, तर अंतर येतच नाही, निदान चूक लगेच कळते. मागे डोंगर असेल तर डोंगराचं अंतर येतं आणि आकडा खरा वाटतो. कोबुलेतीच्या मागे कॉकेशसचे डोंगर आहेत, तिथे मी असा दोनदा फसलो. ८५० च्या जागी ४,००० च्या पुढचा आकडा दिसला तरी घाईत लक्ष जात नाही. फायरच्या आधी आकडा मोठ्यानं वाचायचा, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. मी वाचतो, थोरला हडपसरहून "बरोबर" म्हणतो, मग फायर.

आता नेम सुधारण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. जमिनीवर मारताना धूळ उडते. गोळा आधी पडला, पुढे पडला, ते दिसतं आणि हात सुधारतो. आकाशात चुकलेला गोळा काहीही मागे ठेवत नाही. एल-७० ला ट्रेसर असायचे, लाल रेघ टार्गेटच्या मागून जाते की पुढून ते डोळ्याला कळायचं. अपाचेच्या एम७८९ गोळ्याला ट्रेसर नाही. तो टार्गेटवर आदळला तरच फुटतो, जवळून जाऊन उपयोग नाही. म्हणजे चूक दिसत नाही आणि 'जवळपास' चालत नाही. खेळानं यात कुठेही सूट दिलेली नाही, आणि याचसाठी मी त्याला मानतो. दुसऱ्या बऱ्याच खेळांत आकाशात लाल रेघा काढून काम सोपं केलेलं असतं. इथे मिशन संपल्यावर हिशेबाच्या पानावर किती लागले ते कळतं, मधे काही नाही.

यावर उपाय अंतर कमी करण्याचा. ५०० मीटरवर गोळ्याला पाऊण सेकंदापेक्षा जरासाच जास्त वेळ लागतो, एमआय-८ तेवढ्यात ५० मीटरही सरकत नाही, आणि गोळा जेमतेम तीन मीटर खाली येतो. सगळ्या चुका लहान होतात. मी आता १,००० च्या वर क्रॉसिंग, म्हणजे आडव्या जाणाऱ्या, टार्गेटवर ट्रिगर दाबतच नाही. बर्स्टची, म्हणजे एका दमात सुटणाऱ्या गोळ्यांची, मर्यादा १०, २०, ५०, १०० अशी लावता येते. मी २० वर ठेवतो. दोन सेकंद फायर, थांबायचं, लेझर पुन्हा घ्यायचा, पुन्हा २०.

दुसरा उपाय मागच्या सीटवर बसलेला असतो. तोफ वर फक्त ११ अंश जाते, खाली ६०. बाजूला ८६ अंशांपर्यंत फिरते. साइट मात्र ३० अंश वर बघू शकते. म्हणजे टार्गेट पडद्यावर स्वच्छ दिसतंय, लेझर लागलाय, आकडा खरा आहे, आणि तोफ तिथे पोचतच नाही. ही तोफ जमिनीवरची टार्गेटं मारायला बांधलेली आहे, विमानं नाही, हे इथे उघड होतं. अशा वेळी पायलटनं नाक वर करावं लागतं. नाक वर झालं की वेग पडतो. सुरुवातीला थोरला मी ओरडलो की घाबरून नाक उचलायचा, हेलिकॉप्टर डुलायचं आणि माझी फुली फेकली जायची. मी त्याला म्हटलं, "अरे, मला उंच नेऊ नकोस, टार्गेटच्या पातळीवर ने, आणि मग हातसुद्धा लावू नकोस." त्याचा आणखी एक फायदा झाला. टार्गेटच्या मागून, त्याच्याच दिशेनं, त्याच्याच वेगाच्या जवळपास उडत गेलं की बाजूची धाव जवळजवळ शून्य होते. मग पुढे किती मारायचं हा प्रश्नच मिटतो. आडवं जाणारं टार्गेट मारण्यापेक्षा पायलटनं वीस सेकंद खर्चून मागे नेऊन उभं करणं केव्हाही चांगलं. आमचे बहुतेक नेम असेच लागलेत.

एक तक्रार सांगायची आहे, पण ती खेळाची नाही. पुण्यातल्या एका दुकानातून थोरल्यानं जॉयस्टिक आणली होती. महिन्याभरात माझी फुली हळूहळू डावीकडे सरकायला लागली. हात लावला नसला तरी मुंगीच्या चालीनं डावीकडे. कंप्युटरला वाटायचं टार्गेट डावीकडे चाललंय, तो तोफ डावीकडे वळवायचा. आठ दिवस एकही गोळा लागला नाही. मला वाटलं माझाच अंगठा गेला, वय झालं. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर स्टिक मोकळी असताना आकडा शून्यावर नव्हता. दुकानदारानं बदलून द्यायला साफ नकार दिला, गेमिंगचा माल वॉरंटीत बसत नाही म्हणाला. पावतीवर तसं काहीही लिहिलेलं नव्हतं. मी स्टिक खोलली, आतला पोटेन्शियोमीटर झिजलेला होता. नंतर चुंबकी सेन्सरवाली, हॉल सेन्सर म्हणतात ती, दुसरीकडून घेतली. वर्ष झालं, फुली जागची हलत नाही. ज्यांना तोफ शिकायची आहे त्यांनी पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवावेत, स्टिकमध्ये नको. आणि दुकानातच कंप्युटरला लावून मोकळी सोडून बघावी.

हे सगळं आज कशाला शिकायचं, हेलिकॉप्टरला क्षेपणास्त्रं असतात की, असं मला एका मित्रानं विचारलं. ड्रोनमुळे. इस्रायलच्या अपाचेनं फेब्रुवारी २०१८ मध्ये सीरियाकडून आलेलं इराणी ड्रोन पाडलं होतं. युक्रेनमध्ये एमआय-८ च्या दारात मशीनगन लावून रशियाकडून येणाऱ्या शाहेद ड्रोनवर मारा करतात. स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र घालणं किती दिवस परवडेल? तोफ पुन्हा महत्त्वाची झाली आहे, आणि गोळाही बदलतोय. एम२३० पासून बनवलेली एक्सएम९१४ तोफ अमेरिकेत जमिनीवरच्या गाड्यांवर बसवतात. तिच्यासाठी याच मापाचा एक्सएम१२११ गोळा आहे, तो ड्रोनच्या जवळून जातानाच फुटतो. आमच्या एल-७० लाही तसे गोळे असतात, आणि मे २०२५ मध्ये पश्चिम सीमेवर ड्रोनवर एल-७० चालल्या तेव्हा मी टीव्हीसमोरून उठलो नाही.

आपल्याकडे हवाईदलाकडे २२ अपाचे आहेत, लष्कराचे सहा जोधपूरला. ऑक्टोबर २०२२ मध्ये जोधपूरलाच हवाईदलात आलेल्या 'प्रचंड' या देशी हेलिकॉप्टरच्या नाकाखाली २० मिलिमीटरची तोफ आहे आणि तीही हेल्मेटच्या साइटनं फिरते. नाशिक रोडच्या आर्मी एव्हिएशनच्या शाळेत शिकणारी पोरं हा प्रश्न खऱ्या यंत्रांवर सोडवत असतील. प्रचंड या सिम्युलेटरमध्ये आलं तर मी त्याच दिवशी विकत घेईन.

घ्यावं का? ज्यांना संध्याकाळी अर्धा तास गंमत हवी त्यांनी घेऊ नये. पहिले दोन आठवडे बटनं पाठ करण्यात जातात, सगळी पुस्तिका इंग्रजीत आहे, आणि ती वाचल्याशिवाय तोफ सुरूसुद्धा होत नाही. मी कॉकपिटचे कागद भिंतीला चिकटवले होते, आमच्या मंडळींनी रंग जाईल म्हणून ते काढायला लावले. ज्यांना एखादी गोष्ट का चुकते ते शोधायची खोड आहे, त्यांनी जरूर घ्यावं. कुणी एनसीसीतला, कुणी डिफेन्सची परीक्षा देणारा मुलगा असेल तर त्याला वेग, वेळ आणि अंतराचं गणित यातून जितकं कळेल तितकं फळ्यावर कळणार नाही. शक्य असेल तर दोघांनी मिळून घ्या. जॉर्ज हुकूम पाळतो, पण अंतराचा आकडा मोठ्यानं वाचला तर "बरोबर" म्हणत नाही.

सरळ उडणाऱ्या एमआय-८ वर आता मला २० च्या बर्स्टमध्ये दोन-तीन गोळे लागतात. ५०० मीटरवर, मागून. टार्गेट वळत असेल तर अजूनही रिकामाच हात. ते वळायला लागलं की कंप्युटरनं धरलेला वेग शिळा होतो आणि गोळे वळणाच्या बाहेरून जातात. थोरल्याचं म्हणणं, वळणाच्या आतल्या बाजूला राहून ३०० मीटरपर्यंत शिरायचं. मला वाटतं वळण संपेपर्यंत थांबून, सरळ झाल्यावर लेझर नव्यानं घ्यावा. रविवारी दोन्ही करून बघणार आहोत, प्रत्येकी दहा फेऱ्या.